बोटाची शाई आणि पेन्शनचा हिशेब



४ जून २०२४ ला लोकसभेचा निकाल लागला आणि दुसऱ्या दिवसापासून जाणत्या मंडळींनी बेरजा-वजाबाक्या सुरू केल्या. २४० कोणाचे, ९९ कोणाचे, कोणाचा टेकू किती दिवस टिकणार. त्यासोबत नेहमीचे रडगाणेही होतेच: मतदार उदासीन झाला, सुट्टी घेतो आणि घरी बसतो. कल्याणला आणि दक्षिण मुंबईत जेमतेम निम्मे लोक मतदानाला गेले, हे खरे. पण आम्ही ज्यांच्यात उठतो-बसतो ते उदासीन नाहीत, चिडलेले आहेत. हा फरक ज्याला समजत नसेल त्याने आमच्या गँगच्या टूलबॉक्सवर बसून एकदा चहा घ्यावा.

त्याच आठवड्यात आमच्या सेक्शनमधल्या एका कीमनने आम्हाला वाटेत अडवले. म्हणाला, "भाऊ, २००४ पासून पाच वेळा लोकसभेला मत दिलं. कधी ह्यांना, कधी त्यांना. माझी पेन्शन नेमकी कोणाच्या राज्यात गेली ते सांगा, म्हणजे त्याला सोडून दुसऱ्याला देतो."

काय सांगणार? २२ डिसेंबर २००३ ला अधिसूचना निघाली आणि १ जानेवारी २००४ नंतर भरती झालेल्या माणसाची जुनी पेन्शन गेली. सैन्यदले वगळली, रेल्वेवाला वगळला नाही. तेव्हा मंत्रिमंडळात संरक्षणमंत्री कोण होते? जॉर्ज फर्नांडिस. १९७४ च्या मे महिन्यात ज्यांच्या शब्दावर देशभरच्या रेल्वेवाल्यांनी वीस दिवस चाके थांबवली, नोकऱ्या घालवल्या, तुरुंग भोगले, तेच. आम्ही तेव्हा लहान होतो. वडीलधाऱ्यांनी सांगितलेले अजून कानात आहे, म्हणून हे लिहिताना हात जड होतो. पण लिहिलेच पाहिजे. पुढे सरकार बदलले. २०१३ मध्ये काँग्रेसच्या सरकारने नव्या पेन्शनचा कायदा पक्का केला आणि समोरच्या भाजपने त्याला पाठिंबा दिला. एरवी सभागृहात माईक तोडतील, पण आमच्या ताटातले काढायचे म्हटले की दोघांचे एकमत! २०२४ च्या जाहीरनाम्यांतही जुनी पेन्शन परत देण्याचे वचन ह्यांनी दिले नाही आणि त्यांनीही नाही. कामगार संहितांचेही तेच. सप्टेंबर २०२० मध्ये तीन संहिता राज्यसभेत मंजूर झाल्या, तेव्हा विरोधक बहिष्कार घालून बाहेर बसले होते. ज्या दिवशी आत बसून भांडायचे त्याच दिवशी हे बाहेर.

मग माणूस करतो काय? इंदूरमध्ये काय झाले ते आठवा. काँग्रेसच्या उमेदवाराने शेवटच्या दिवशी अर्ज मागे घेतला आणि थेट भाजपमध्ये गेला. उमेदवार पळालेला पक्ष मतदाराला म्हणाला, 'नोटा' दाबा. २,१८,६७४ लोकांनी दाबला. सुरतेला तेवढेही नशिबी नव्हते. एकाचा अर्ज बाद, बाकीच्यांची माघार, आणि २२ एप्रिलला बिनविरोध निवड जाहीर. केंद्रच नाही तर 'नोटा' कुठला? पोटासाठी खानदेश सोडून तिकडे गेलेला आमचा मराठी माणूस मतदार कार्ड खिशात घेऊन ड्युटीवर गेला आणि तसाच परत आला.

आणि कोणी म्हणेल, मग तुम्ही उभे राहा. लोकसभेच्या उमेदवाराला मोठ्या राज्यात खर्चाची कायदेशीर मर्यादा ९५ लाख. ट्रॅकमनचा सुरुवातीचा मूळ पगार १८,००० रुपये. म्हणजे सुमारे ४४ वर्षांचा पूर्ण पगार. तेवढी त्याची नोकरीही नसते. ही झाली कागदावरची मर्यादा. कागदाबाहेरची आम्ही कशाला सांगायची!

तरीही घरी बसणाऱ्या आणि 'नोटा' दाबणाऱ्या बांधवांशी आमचे भांडण आहे. 'नोटा'ला सर्वांत जास्त मते पडली तरी त्याच्या खालचाच निवडून येतो, ही त्याची किंमत. उलट जे चिडून मत द्यायला गेले त्यांचा हिशेब पाहा. सत्ताधारी पक्ष ३०३ वरून २४० वर आला, आणि वीस वर्षे 'पेन्शनचा विषय संपला' असे ऐकवणाऱ्या दिल्लीने २४ ऑगस्टला, म्हणजे तीन महिने पुरे व्हायच्या आत, एकीकृत पेन्शन योजना मंजूर केली. ती जुनी पेन्शन नव्हे. दहा टक्के कपात तशीच आहे, आणि पूर्ण पन्नास टक्क्यांसाठी पंचवीस वर्षांची नोकरी लागते. आम्हाला ती मान्य नाही. पण ती दिल्लीच्या मायेने आलेली नाही, धास्तीने आली, हे विसरू नका.

आमचेही थोडे चुकले आहे. प्रत्येक निवडणुकीत संघटनांच्या व्यासपीठावर पुढाऱ्यांना हार घातले कोणी? आपणच. आश्वासन लेखी मागितले का? नाही. पुढाऱ्यासोबत फोटो निघाला की आपल्यातल्या काहींना मागणीपत्र टेबलावरच राहिल्याचे भान नसते.

डिसेंबर २०२४ मध्ये रेल्वेत मान्यतेसाठी गुप्त मतदान झाले, तेव्हा आमच्या केंद्रावर रात्रपाळी करून आलेले पेट्रोलमन बॅटरी आणि झेंड्या हातात घेऊनच रांगेत उभे होते. त्यांतले कितीतरी मे महिन्यात घरी बसले होते. का, ते विचारायची गरज पडली नाही. सेक्रेटरी दुसऱ्या दिवशी लॉबीत सापडतो, त्याची कॉलर धरता येते. खासदार पाच वर्षे सापडत नाही.

म्हणून आमच्या शाखेने आपल्या खासदाराला रजिस्टर पत्र पाठवून तीन प्रश्न विचारले: जुन्या पेन्शनवर सभागृहात कधी बोलणार, सुरक्षेच्या रिकाम्या जागांवर बोलणार का, आणि मार्च २०२० मध्ये बंद केलेल्या ज्येष्ठ नागरिकांच्या भाडेसवलतीबद्दल तुमचे मत काय. पोच आली, उत्तर आले नाही. दुसरे पत्रही गेले. दोन्ही पत्रे, पोचपावतीसह, शाखा कार्यालयाच्या नोटीस बोर्डावर लावली आहेत. इटारसीपासून हुबळीपर्यंत ज्या शाखांना मसुदा हवा असेल त्यांनी तो मागवून घ्यावा आणि खाली आपल्या खासदाराचे नाव टाकावे.