विश्लेषण : हीट पंप गिझरसारखा वापरला तर?

मुठा खोऱ्यात पावसाळ्यात कित्येक दिवस ऊन पडत नाही. पिरंगुटहून टेमघर, लवासाकडे जाणाऱ्या रस्त्यालगतच्या फार्महाऊसच्या गच्चीवरचे सोलर हीटर तेव्हा नावालाच उरतात. पाणी तापते ते त्यातल्या विजेच्या कॉइलवर. अशा घरांसाठी हीट पंप हा चांगला पर्याय आहे. मात्र तो गिझर समजून वापरला, तर वाचलेले पैसे वाढलेल्या बिलात जातात.

काम कसे चालते?

हा एक प्रकारे उलटा फ्रीज. बाहेरच्या हवेतली उष्णता ओढून तो पाण्याला देतो. वीज लागते ती ही उष्णता वाहून नेण्यापुरती. २०० लिटर पाणी २५ वरून ५५ अंशांवर न्यायला कॉइलला सुमारे ७ युनिट लागतात. हीट पंपाचे काम साधारण अडीच युनिटांत भागते. दमट हवाही त्याला चालते. यंत्राखाली पाणी ठिबकते, तो बिघाड नव्हे.

मग फरशीही तापवावी का?

युरोपात याच यंत्राने ३५ अंशांच्या आसपासचे पाणी फरशीखालच्या नळ्यांतून फिरवतात. तिथे महिनोन्‌महिने थंडी असते, म्हणून ते परवडते. मुठ्यातला गारठा रात्रीपुरता. फरशी तापायलाच काही तास जातात, तोवर अंगणात ऊन येते. इथे हा खर्च म्हणजे निव्वळ हौस.

खरी मेख सेटिंगमध्ये

पाणी जितके जास्त तापवावे, तितकी बचत घटते. ६५ अंशांचे पाणी घेऊन त्यात निम्मे गार मिसळण्यात अर्थ नाही. ५० ते ५५ पुरेत. आठवड्यातून एकदा मात्र ६० अंशांपर्यंत न्यावे, नाहीतर साठलेल्या पाण्यात जिवाणू वाढू शकतात. आंघोळीआधी तासभर बटण दाबण्याची सवयही सोडावी लागेल. हवा गरम असते दुपारी, तेव्हाच टाकी भरून तापवावी. टीओडी मीटर असेल तर महावितरणची दिवसाची सवलतही मिळते, आणि संध्याकाळी वीज गेली तरी पाणी गरम राहते.

बहुतेक यंत्रांत मदतीला कॉइलही असते. ‘ऑटो’वर ठेवले की घाईच्या वेळी ती गुपचूप सुरू होते आणि मालकाला ते कळते बिल आल्यावर. पैसे देण्याआधीच ही कॉइल वेगळी बंद करता येते का, हे विक्रेत्याकडून प्रत्यक्ष करून पाहावे.