टायरचा जन्मदिनांक

कुकरची रिंग रोज वापरून झिजते, हे आपण सगळ्याच जाणतो. पण माळ्यावर नुसता ठेवलेला कुकर चार-सहा वर्षांनी काढून पाहा. रिंग कडक झालेली असते आणि वाकवली की तडकते. रबराचं असंच आहे. वापरलं तरी ते जातं आणि न वापरताही जातं. ही गोष्ट स्वयंपाकघरात मला ठाऊक होती, पण दारातल्या गाडीला लावून पाहायचं काही सुचलं नाही. त्याची शिक्षा रस्त्यात मिळाली.

आम्ही फणसवाडीत राहतो. भाजी, बालाजीचं देऊळ, चर्नी रोड स्टेशन, सगळं पायीच. गाडी घेतली ती गावी जाण्यासाठी, म्हणजे गणपतीत एकदा आणि मे महिन्यात एकदा. एरवी ती कव्हर घालून उभीच असते. २०२३च्या गणपतीत आम्ही चिपळूणला निघालो. मागे सासूबाई आणि दोन्ही मुलं, डिकीत मखराचं सामान. माणगावच्या अलीकडे फाट्‌कन आवाज झाला आणि गाडी एका बाजूला ओढली गेली. वेग कमी होता, समोरून कुणी येत नव्हतं, म्हणून निभावलं. स्टेपनी काढली तर तिच्यात हवाच नव्हती!

“अहो, नक्षी तर अजून नव्यासारखी आहे,” असं आमचे हे पंक्चरवाल्याला पुन्हापुन्हा सांगत होते. तो माझ्याकडे वळून म्हणाला, “वहिनी, नक्षी नका बघू, हे बघा.” टायरच्या बाजूवर लहानशा चौकटीत चार आकडे होते : ०८१४. म्हणजे २०१४ सालचा आठवा आठवडा. टायर साडेनऊ वर्षांचा झाला होता!

हे आकडे प्रत्येक टायरवर असतात. इंग्रजी ‘डीओटी’ अक्षरांनी सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी पाहा. पहिले दोन आकडे आठवड्याचे, पुढचे दोन सालाचे. बाहेरून दिसले नाहीत तर ते आतल्या बाजूला असतात, गाडीखाली वाकून बघावं लागतं. पाच वर्षं झाली की दरवर्षी जाणकाराकडून टायर तपासून घ्यावेत आणि दहा वर्षांनंतर ते कितीही चांगले दिसले तरी काढावेत, असं टायरचे कारखानदारच सांगतात. काही गाड्यांच्या पुस्तिकेत तर सहाच वर्षांची मर्यादा असते. आपली पुस्तिका उघडून पाहा.

उभ्या गाडीचे टायर जास्त का बिघडतात? ऊन आणि हवा रबर सुकवतात. ते सुकू नये म्हणून रबरात जी द्रव्यं घातलेली असतात, ती टायर फिरताना, दबताना पृष्ठभागावर येतात. उभ्या टायरला तो लाभ मिळत नाही. शिवाय हवाही महिन्याला थोडी थोडी कमी होते. कमी हवेचा टायर चालताना जास्त दबतो, तापतो, आणि त्यात पाच माणसं व सामान! मग तो फुटला तर नवल नाही.

टायर घ्यायला जाताना जुन्यावरचा आकडा वहीत उतरून न्या. समजा ‘१६५/८० आर १४ ८५ टी’ असं लिहिलंय. १६५ ही मिलिमीटरमध्ये रुंदी. ८० म्हणजे टायरची उंची रुंदीच्या ऐंशी टक्के. आर म्हणजे रेडियल, १४ इंचांची रिम. ८५ हा भाराचा आकडा, एका टायरवर ५१५ किलो. टी म्हणजे ताशी १९० किलोमीटरपर्यंतचा वेग. माप गाडीच्या पुस्तिकेप्रमाणेच हवं आणि भाराचा आकडा त्याहून कमी चालणार नाही. आयएसआय खूणही बघा.

आम्हाला एका दुकानात “अगदी कोरे” म्हणून स्वस्तात टायर दाखवले. तारीख वाचली तर तीन वर्षांपूर्वीची! गोदामात नीट ठेवलेला टायर वर्षभरात बिघडत नाही, हे खरं. पण आपली गाडी कमी धावणारी. आपले टायर झिजून नाही, वय होऊन जाणार. मग त्यातली तीन वर्षं दुकानदाराला का द्यायची? आम्ही हात जोडून बाहेर पडलो.

बसवताना तिथेच उभ्या राहा, लाजू नका. टायरवर फिरण्याच्या दिशेचा बाण असेल तर तो बरोबर लागला ना, ते पाहा. हवेचा व्हॉल्व्ह नवा घालायला सांगा. बॅलन्सिंग आणि अलाइनमेंट करून घ्या. नट समोरासमोरचे आळीपाळीने आवळायचे आणि पन्नास ते शंभर किलोमीटरनंतर पुन्हा तपासायचे. दोनच टायर घेणार असाल तर नवे मागे लावा. ओल्या रस्त्यावर मागची चाकं घसरली तर गाडी फिरते आणि सावरणं कठीण जातं. नव्या टायरवर पहिले दोनशे किलोमीटर जपून चालवावं लागतं, म्हणून हे काम निघायच्या आदल्या दिवशी नको, पंधरा दिवस आधी करा.

आता खर्चाचं. चार टायर एकदम म्हणजे महिन्याचं गणितच कोलमडतं. मी एक युक्ती केली. टायर घेतले त्याच आठवड्यात पोस्टात आवर्ती ठेव उघडली. ती पाच वर्षांची असते, महिना शंभर रुपयांपासून सुरू करता येते. टायर तपासायची वेळ येईल तेव्हा पैसे हातात असतील आणि “अजून एक वर्ष चालवू” म्हणायची पाळी येणार नाही.

वहीत टिपून ठेवा :

● टायरची तारीख, स्टेपनीचीसुद्धा. ती वापरात नसते, म्हणून सगळ्यांत जुनी तीच निघते.

● महिन्यातून एकदा हवा, गाडी थंड असताना. आकडा ड्रायव्हरच्या दाराजवळच्या पट्टीवर असतो. भरलेल्या गाडीचा वेगळा असतो.

● नक्षीच्या खाचांतल्या लहान उंचवट्यांना रबर टेकलं की, म्हणजे १.६ मिलिमीटर खोली उरली की, टायर संपला.

● बाजूला भेग किंवा फुगवटा दिसला तर वय न पाहता बदला.

● पंधरा दिवसांतून एकदा गाडी थोडी फिरवून आणा.

बाप्पा आपल्या पाठीशी आहेच. पण निघण्याआधी वाकून चार आकडे वाचणं हे आपलं काम आहे.