वर्गणी आधीच भरलेली आहे

आजार सांगून येत नाही. डॉक्टरांची फी मात्र तो आला त्याच दिवशी रोख मोजावी लागते. जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांच्या पश्चिम पट्ट्यातील आदिवासी कुटुंबाचा संसार या एका विसंगतीखाली वाकलेला आहे. भाताचे पीक वर्षातून एकदा येते, हिरड्याचे पैसे उन्हाळ्यात मिळतात, मजुरीसाठी पूर्वेच्या बागायती गावांत उतरावे लागते. ताप, जुलाब, खोकला हे मात्र कणगी रिकामी असताना, ऐन पावसाळ्यात येतात. मग आहुप्याचा किंवा हातवीजचा माणूस दुखणे अंगावर काढतो. अगदीच टेकीला आला की उसनवारी करून अथवा हिरड्यावर उचल घेऊन घोडेगाव-मंचर किंवा जुन्नर-नारायणगाव गाठतो. जे दुखणे चार गोळ्यांत बरे झाले असते ते तोवर सलाईनवर गेलेले असते.

दर खेपेला फी घेण्याच्या या पद्धतीचा दोष कोणा एका डॉक्टरच्या स्वभावात शोधणे व्यर्थ आहे. रोगी जितक्या वेळा येईल तितकी मिळकत, असा हिशेब असेल तर गाव निरोगी राहण्यात डॉक्टरचा आर्थिक लाभ उरत नाही. आणि प्रत्येक भेटीला पैसे पडत असतील तर लवकर येण्यात रोग्याचा लाभ उरत नाही. दोन्ही बाजूंचे हितसंबंध आरोग्याच्या विरुद्ध उभे करणारी ही व्यवस्था आहे.

यावर अमेरिकेत एक उपाय गेली काही वर्षे रूढ होत आहे. तेथे रोगी विमा कंपनीला मध्ये न घेता थेट डॉक्टरला दरमहा ठराविक वर्गणी देतो. त्या बदल्यात वाटेल तेव्हा भेट, दूरध्वनीवर सल्ला, निवांत तपासणी व काही साध्या चाचण्या मिळतात. भेटीगणिक वेगळी फी सहसा नसते. शस्त्रक्रिया, रुग्णालयात दाखल होणे व तज्ज्ञांचे उपचार यांत येत नाहीत. त्यांसाठी वेगळा विमा लागतोच. २०२५ साली झालेल्या कायद्याने तर व्यक्तीमागे महिना १५० डॉलरपर्यंतची अशी वर्गणी करसवलतीच्या आरोग्य-बचत खात्यातून भरण्याची मुभा २०२६पासून दिली आहे. आपल्या शहरांतही वार्षिक सभासदत्व विकणारे दवाखाने दिसू लागले आहेत. तेव्हा ही कल्पना तालुक्याच्या गावी येण्यापूर्वीच तिची पारख करणे बरे.

तिच्यातील चांगला अंश नाकारण्याचे कारण नाही. पैसे आधी दिलेले असले की रोगी वेळेवर येतो. वर्गणी ठराविक असली की विनाकारण सुई टोचण्याचा मोह डॉक्टरला राहत नाही. एकच डॉक्टर वर्षानुवर्षे कुटुंबाला ओळखतो, हा लाभ तर कोणत्याही यंत्राने मिळणारा नाही.

परंतु हीच योजना या दोन तालुक्यांत मांडून पाहावी. समजा, कुटुंबामागे महिना २०० रुपये वर्गणी ठेवली आणि एका डॉक्टरने ५०० कुटुंबे घेतली, तर दरमहा एक लाख रुपये जमतात आणि दवाखाना चालतो. आता ही ५०० कुटुंबे कोणती असतील? कुकडी प्रकल्पाच्या पाण्यावर ऊस, टोमॅटो व द्राक्षे पिकवणाऱ्या शेतकऱ्याला वर्षाचे २,४०० रुपये जड नाहीत. महाराष्ट्रात २०२५-२६ साली रोजगार हमीची मजुरी दिवसाला ३१२ रुपये होती. त्या दराने मजुराला हीच वर्गणी जवळजवळ आठ दिवसांच्या कष्टाची पडते. रक्कम समान, भार मात्र विषम! त्यातही डॉक्टर दवाखाना थाटणार तो नारायणगावला किंवा मंचरला. म्हणजे ज्यांच्या जमिनी वडज, माणिकडोह, डिंभे या धरणांखाली गेल्या त्यांच्याकडे पाणी राहिले नाही; आता डॉक्टरही पाण्याच्याच वाटेने पूर्वेला उतरेल.

आणखी एक हिशेब आहे. दोन हजार माणसे पाहणारा डॉक्टर वर्गणीदार घेऊन सहाशेंवर थांबला, तर उरलेल्या चौदाशेंना कोणी पाहायचे? डॉक्टरांची संख्या न वाढता एकाची निवांत तपासणी दुसऱ्याच्या वाट्यातून येते.

तर मग वर्गणीची कल्पनाच टाकून द्यावी काय? इतिहास तसे सांगत नाही. वेल्समधील ट्रेडेगार या खाणगावात कामगारांची वैद्यकीय साहाय्य संस्था होती. वेतनातून पौंडामागे तीन पेन्स, म्हणजे सव्वा टक्का, कापून घेतले जात. ज्याचे वेतन अधिक त्याची वर्गणी अधिक, उपचार मात्र सर्वांना सारखे. त्याच गावचा खाणकामगार अन्यूरिन बेव्हन पुढे आरोग्यमंत्री झाला आणि ५ जुलै १९४८ रोजी ब्रिटनची राष्ट्रीय आरोग्यसेवा सुरू झाली. गावाच्या वर्गणीची जागा देशाच्या करांनी घेतली.

महाराष्ट्रातही असा प्रयोग झाला आहे. सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयाशी जोडलेल्या गावांत डॉ. उल्हास जाजू व त्यांच्या सहकाऱ्यांनी ज्वारीच्या वर्गणीवर आरोग्ययोजना उभारली. सुगीला, घरात धान्य असताना, ज्वारी गोळा होई. ती जमिनीच्या प्रमाणात द्यायची असे. गावातील गरीब कुटुंबांपैकी किमान ७५ टक्के सामील झाल्याखेरीज गाव योजनेत घेत नसत. गावातच आरोग्यसेवक व औषधे मिळत, आणि अकस्मात आलेल्या आजाराला रुग्णालयाचे दार विनामूल्य उघडे असे. ऐपतीप्रमाणे देणे, गरजेप्रमाणे घेणे आणि गरिबांना वगळून गाव न मोजणे, या तीन अटींत अमेरिकी वर्गणी व सेवाग्रामची वर्गणी यांतील सारे अंतर सामावले आहे. मात्र त्या ज्वारीमागे एक मोठे रुग्णालय उभे होते, हेही विसरता कामा नये. केवळ गरिबांच्या पायल्यांवर रुग्णालय चालत नाही.

आपल्या राज्यकर्त्यांनी निवडलेला मार्ग विम्याचा आहे. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण आहे; पण ते मुख्यतः रुग्णालयात दाखल झाल्यावर. दाखल होण्याची पाळी येऊ नये म्हणून जो ताप पहिल्या दिवशी पाहायला हवा, त्याची तरतूद तेथे नाही. ती तरतूद प्राथमिक आरोग्य केंद्राची आहे. डोंगरी व आदिवासी भागात २०,००० लोकवस्तीला एक केंद्र व ३,००० वस्तीला एक उपकेंद्र हा शासनाचाच निकष आहे. १५ ऑगस्ट २०२३पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत उपचार निःशुल्क आहेत. कागदावर, म्हणजे, आहुप्याच्या माणसाला डॉक्टर आहे.

आणि त्याने त्याची वर्गणीही भरलेली आहे. मोबाईलच्या प्रत्येक रिचार्जवर तो १८ टक्के कर देतो. साबणावर, चपलेवर देतो. २०१७च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने सार्वजनिक आरोग्यखर्च २०२५पर्यंत राष्ट्रीय उत्पन्नाच्या अडीच टक्क्यांवर नेण्याचे वचन दिले होते. २०२१-२२ साली, तेही महामारीच्या काळात, तो १.८४ टक्के होता. वर्गणी घेऊन सेवा न देणाऱ्या खासगी दवाखान्याला लोक जाब विचारतात. शासनाला तसाच जाब विचारणे हे कार्यकर्त्यांचे काम आहे.

म्हणून या योजनेतून घ्यायचे ते घ्यावे. पश्चिम पट्ट्यातील प्रत्येक कुटुंबाची नोंद एका नावानिशी ठरलेल्या शासकीय डॉक्टरकडे असावी. त्या डॉक्टरने ठरलेल्या वारी वाडीवर यावे, आणि त्याला तेथे टिकून राहता येईल असे घर, वेतन व औषधांचा साठा शासनाने द्यावा. कोणत्या वारी डॉक्टर आला, कोणते औषध संपले होते, याची नोंद ग्रामसभेत वाचली जावी. २००७ साली आरोग्यसेवांवर लोकाधारित देखरेखीचे काम ज्या पाच जिल्ह्यांत सुरू झाले त्यांत पुणे जिल्हा होता. जनसुनवाईचा मार्ग येथे अपरिचित नाही.

दवाखाना मोडका आहे, तर ज्यांना परवडते त्यांनी वेगळी वर्गणी भरून सुटका करून घ्यावी, असा युक्तिवाद ऐकू येईल. तो मोहक आहे; पण ज्यांच्या शब्दाला तालुक्यात वजन आहे तेच बाहेर पडले, तर मागे राहिलेल्यांचा दवाखाना कोण दुरुस्त करील?

पुढच्या पावसाळ्यापूर्वी प्रत्येक वाडीवर एवढा एकच प्रश्न विचारला जावा: तुमच्या डॉक्टरचे नाव काय? ज्या वाडीला उत्तर देता येणार नाही, तेथून कामाला सुरुवात करावी.