मंडप रस्त्यावर, जबाबदारी कुणाची?

द्वारका चौकात मुंबई-आग्रा आणि नाशिक-पुणे महामार्ग मिळतात. इथे एक मंडप रस्त्यात आला, तरी रुग्णवाहिका अडकू शकते.

नियम काय? महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, १९४९ च्या कलम २३४ नुसार सणासाठी रस्त्यावर मंडप घालायला आयुक्तांची लेखी परवानगी आणि पोलिसांची संमती लागते.

मोडला तर? विनापरवाना मंडप कलम २३१ नुसार नोटीस न देताही हटवता येतो. रात्री १० ते सकाळी ६ लाउडस्पीकर बंद. सरकारने सूट दिलेले दिवस वगळून.

विसर्जनानंतर दंडाची पावती फाडून अडलेला रस्ता मोकळा होत नाही. महापालिकेने परवानग्यांची यादी आधीच जाहीर करावी आणि मंडपाचा पहिला बांबू रोवतानाच तपासणी करावी.