शांतता कोणी ठरवायची?

यति हा छंदाचाच भाग आहे, हे साहित्याच्या विद्यार्थ्यास आरंभीच शिकविले जाते. ध्वनिसंपादनाची साधने मात्र हा धडा अद्याप शिकलेली नाहीत, असे आम्हांस वाटते.

बीड जिल्ह्यातील माजलगावच्या भीमनगर वस्तीत १९९६ साली स्त्रियांनी गायिलेल्या ओव्या ध्वनिमुद्रित झाल्या. बाबासाहेबांवरील ओव्या त्यांत आहेत. हेमा राईरकर आणि गी पॉइतवां यांनी उभारलेल्या, लाखाहून अधिक ओव्यांच्या संग्रहाचा त्या भाग असून २०१७ पासून 'पारी'च्या संकेतस्थळावर हा संग्रह क्रमाने प्रसिद्ध होऊ लागला.

अशी जुनी ध्वनिमुद्रणे 'स्वच्छ' करावयाची झाल्यास नॉइज गेट हे प्लगिन हाताशी असते. आवाज ठरावीक पातळीखाली गेला की ते दार लावून घेते. दोन ओळींमधला श्वास, सोबतिणीने ओळ उचलण्यापूर्वीचा क्षण, जात्याची मंदावत जाणारी घरघर, हे सारे त्या पातळीखाली जाऊ शकते. पडद्यावर दिसते ते केवळ रिकामे मीटर. गाणारी थांबली, कोणी आवाज बंद केला, की गेटने श्वास गिळला? पुष्कळदा तिन्हींची खूण एकच असते.

यंत्रांच्या आपसातील भाषा याहून सूक्ष्म आहे. स्टाइनबर्ग कंपनीने २००८ साली आणलेल्या व्हीएसटी ३ या प्रणालीत वाहिनी निःशब्द असल्याची स्वतंत्र खूण आहे. मूळ आवाज थांबल्यावर त्याचा निनाद किती काळ उरेल, हेही प्लगिनला कळविता येते. शांततेतही काही शिल्लक असू शकते, हे यंत्रास मान्य आहे. ऐकणाऱ्यापर्यंत मात्र ते पोहोचत नाही.

पंख्याची घरघर काढूच नये, असे आमचे म्हणणे नाही. परंतु 'आवाज नाही', 'बंद केला' आणि 'कापला' यांच्या खुणा निराळ्या असाव्यात; जे कापले तेवढेच ऐकण्याची सोय, जी काही प्लगिनांत आहे, ती सर्वत्र असावी; आणि मूळ प्रत अबाधित राहावी.

हा प्रश्न केवळ तंत्रज्ञांचा नाही. उद्याचा अभ्यासक या ध्वनिमुद्रणांवरून ओवीची लय मोजेल, विरामांचे अर्थ लावील. त्यातला एखादा विराम गेटने घातलेला असेल, तर संपादकाच्या हातची शांतता तो माजलगावच्या बाईच्या नावावर लिहील.