मशीद बंदरची मशीद कुठली?

गेल्या महिन्यात माझ्या आठवीतल्या एका विद्यार्थ्याने मराठी वक्तृत्व स्पर्धेतून नाव काढून घेतले. कारण विचारले तर आधी गप्प, मग म्हणाला, "सर, मागच्या वेळी एक जण म्हणाले, मुसलमान असूनही मराठी छान बोलतोस. मी काय इथला पाहुणा आहे?"

याचे उत्तर वर्गात देऊन भागणार नव्हते. रविवारी सकाळी दहा-बारा मुलांना घेऊन अँटॉप हिलहून निघालो, जीटीबी नगरला लोकल धरली आणि मशीद स्टेशनवर उतरलो.

"या स्टेशनाच्या नावातली मशीद कुठली?" मी विचारले.

"जुम्मा मशीद!" सगळे एका सुरात.

मी त्यांना आधी सॅम्युअल स्ट्रीटवर नेले. तिथे ज्यूंचे सिनेगॉग आहे, शार हरहमीम, म्हणजे दयेचे दार. १७९६ मध्ये सॅम्युअल इझिकेल दिवेकर यांनी स्थापन केलेले हे मुंबईतले पहिले सिनेगॉग. लोक त्याला जुनी मशीद म्हणत, त्यावरूनच स्टेशनाला नाव पडले, असे सांगतात. हे बेने इस्राएल लोक कोकणातले, घरात मराठी बोलणारे.

"दिवेकर? आमच्या पारकर, तुंगेकरांसारखंच!" एक मुलगी म्हणाली. दुसऱ्याने विचारले, "सर, रहमीम म्हणजे आपली रहमतच ना?" खरेच, दोन्ही शब्द एकाच मुळातले.

तिथून चालत जुम्मा मशिदीत गेलो. ती बांधायला १७७५ मध्ये सुरुवात झाली आणि १८०२ मध्ये काम पूर्ण झाले. जागा एका कोकणी मुसलमान व्यापाऱ्याची. त्याची अट एकच, तिथला तलाव बुजवायचा नाही. म्हणून तलाव राखून त्यावर मशीद उभारली. आजही खाली पाणी आहे, मासे आहेत. तो मुलगा पायऱ्यांवर बराच वेळ बसून होता.

परतीच्या गाडीत म्हणाला, "सर, माझं नाव परत घालाल? मी त्या तलावावर बोलेन."

स्पर्धेची यादी बंद झाली होती. मग सोमवारी तो शाळेच्या परिपाठात बोलला. दोनदा अडखळला, पण शेवटपर्यंत बोलला.

पालकांनो, एखादा रविवार असाच काढा. मुलांना जुन्या मोहल्ल्यातून पायी फिरवा, आणि घरी आल्यावर दादी-नानीला त्यांचे गाव विचारायला सांगा. आपण कुठले, हे त्यांना आधी आपल्याकडून कळू द्या.