अंदमानला जाऊ या, पण काय बघायला?

परवा आमच्या भिशीत शेजारच्या वहिनींनी पर्समधून रंगीत पत्रकं काढली आणि पोह्यांच्या बश्यांमध्ये ठेवली. ‘महिला स्पेशल अंदमान’! सहा दिवस, जाणं-येणं विमानाने. पत्रक हातोहात फिरलं. ‘‘तुम्ही जाऊन आलात ना? मग सांगा बघू, काय काय बघायचं?’’ वहिनींनी मला विचारलं. मी उत्साहाने सांगायला लागले आणि एका ठिकाणी येऊन अडखळले. आज त्या अडखळण्याबद्दलच लिहायचंय.

आधी बघण्यासारखं काय ते सांगते, कारण ते खरंच खूप आहे. आपण उतरतो ते पोर्ट ब्लेअरला. सप्टेंबर २०२४ मध्ये त्याचं नाव श्री विजयपुरम करण्याची घोषणा झाली. त्याआधी डिसेंबर २०१८ मध्ये हॅवलॉकचं स्वराज द्वीप, नीलचं शहीद द्वीप आणि रॉसचं नेताजी सुभाषचंद्र बोस द्वीप झालं. पत्रकांत जुनी-नवी नावं सरमिसळ असतात, गोंधळून जाऊ नका.

मराठी माणसाचं पहिलं पाऊल सेल्युलर जेलकडेच वळतं. चाकाच्या आऱ्यांसारख्या सात लांबलचक इमारती १९०६ मध्ये बांधून पूर्ण झाल्या, आज त्यांतल्या तीनच उरल्यात. एका इमारतीच्या कोठड्यांसमोर दुसरीची पाठ येईल अशी रचना, म्हणजे कैद्याला कैद्याचं तोंडसुद्धा दिसू नये. सावरकर इथे १९११ ते १९२१ अशी दहा वर्षं होते. आमच्या गटातल्या एका मावशींनी ‘माझी जन्मठेप’ शाळेत असताना वाचलेलं. त्यांनी कोठडीबाहेर चपला काढल्या, आत गेल्या आणि बराच वेळ बाहेरच आल्या नाहीत.

मग हॅवलॉकचा राधानगर किनारा, नीलवरची समुद्राने कोरलेली दगडी कमान, रॉसवर वडाच्या मुळांनी गिळलेले इंग्रजांचे बंगले, चिडियाटापूचा सूर्यास्त. बोट लागत असेल तर गोळी आधी घ्यायची. समुद्र खवळला की बोटी रद्द होतात, तेव्हा हातात एक दिवस जास्तीचा ठेवायचा. इथपर्यंत माझं सांगणं सुरळीत चाललं होतं.

‘‘आणि हे बारातांग?’’ वहिनींनी पत्रकावर बोट ठेवलं. अडखळले ती इथे.

बारातांगला चुनखडीच्या गुहा आहेत आणि चिखलाचा ज्वालामुखी आहे. तिथे जायला बहुतेक सगळ्या सहली अंदमान ट्रंक रोडने, म्हणजे राष्ट्रीय महामार्ग ४ ने जातात. हा रस्ता जारवा आदिवासींच्या राखीव जंगलातून जातो. आम्हाला मध्यरात्रीनंतर उठवलं. जिरकाटांगच्या नाक्यावर गाड्यांची रांग, चहाच्या टपऱ्या. पहाटे पोलिसांच्या देखरेखीखाली सगळ्या गाड्यांचा ताफा एकदम सुटतो. गाडी थांबवायची नाही, फोटो काढायचा नाही, कुणाला खायला द्यायचं नाही, असे नियम तिथे लिहिलेले आहेत. मोडले तर तुरुंगाची शिक्षा आहे.

नियम आम्ही सगळे पाळले. तरीही काय झालं ते सांगते. अर्ध्या तासाने ड्रायव्हर हळूच म्हणाला, ‘‘डावीकडे बघा.’’ अख्खी बस डावीकडे झुकली. रस्त्याच्या कडेला एक तरुण बाई उभी होती, कडेवर मूल. ती आमच्याकडे बघत होती आणि आम्ही तिच्याकडे. मागून कुणीतरी विचारलं, ‘‘कपडे घालतात का हो हे?’’ कुणीतरी हसलं. मी हसले नाही, पण उठून उभी राहिले होते. ते मला नाकारता येणार नाही.

मैत्रिणींनो, टक लावून बघणं म्हणजे काय हे आपल्याला कुणी शिकवायला नको. एसटी स्टँडवर, बाजारात, टपरीवरून येणाऱ्या नजरा आपण पोरवयापासून ओळखतो. पदर सावरत पुढे जातो आणि घरी येऊन चिडतो. त्या दिवशी बघणाऱ्यांत मी होते. गुहा छान होत्या, पण परतीचा ताफाही त्याच रस्त्याने होता. येताना मी डोळे मिटून बसले.

घरी आल्यावर याबद्दल मिळेल ते वाचलं. जारवा हजारो वर्षं या बेटांवर राहतायत. २०११ च्या जनगणनेत त्यांची संख्या चारशेच्या आत होती. १९९८ च्या सुमारापर्यंत ते बाहेरच्यांना धनुष्यबाणांनी दूर ठेवत, मग हळूहळू जंगलाबाहेर येऊ लागले. लगेच १९९९ मध्ये त्यांच्यात गोवराची साथ आली. आपल्याकडे पोराला गोवर आला की आपण कडुनिंबाचा पाला आणि डॉक्टर, दोन्ही करतो. ज्यांच्या शरीराला तो आजारच माहीत नाही, त्यांच्यासाठी तो फार मोठं संकट ठरतो.

सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्येच या जंगलातला रस्ता बंद करण्याचा आदेश दिला होता. रस्ता चालूच राहिला. जानेवारी २०१२ मध्ये एका ब्रिटिश वृत्तपत्राने जारवा बायकांना खाण्याच्या बदल्यात नाचायला लावल्याची चित्रफीत दाखवली, तेव्हा जगभर छी-थू झाली. त्याच वर्षी कायदा कडक झाला. २०१३ मध्ये काही आठवडे पर्यटकांची वाहतूक थांबली, मग पुन्हा सुरू झाली. २०१७ मध्ये बारातांगला जायला समुद्रमार्गही सुरू केला गेला. तरी सहलींच्या पत्रकांत पहाटेचा ताफा आहेच.

दुसरी बाजूही आहे, ती मांडायला हवी. उत्तर आणि मध्य अंदमानात हजारो कुटुंबं राहतात. त्यांतली कितीतरी फाळणीनंतर पूर्व बंगालातून आलेली. त्यांची भाजी, त्यांची मुलं, त्यांचे पेशंट याच रस्त्याने राजधानीला जातात. बारातांगच्या बोटवाल्यांची चूल पर्यटकांवर पेटते. त्यामुळे रस्ता सरसकट बंद करा असं घरबसल्या म्हणणं मला जमत नाही. पण बाळंतिणीला दवाखान्यात नेणारी गाडी आणि ‘डावीकडे बघा’ म्हणणारी गाडी यांत फरक आहे. पहिली गरज आहे, दुसरी हौस. आणि हौसेला मुरड घालणं आपल्या हातात आहे.

ही हौस किती महागात पडते ते तिथेच दिसतं. १८५८ मध्ये इंग्रजांनी पोर्ट ब्लेअरला कैद्यांची वसाहत केली, तेव्हा त्या भागातले ग्रेट अंदमानी लोक हजारोंनी होते. रोगराई आणि लढायांनी ते इतके घटले, की आज शंभरही उरलेले नाहीत. त्यांच्यातली बोआ सीनिअर नावाची म्हातारी जानेवारी २०१० मध्ये वारली. ‘बो’ भाषा बोलणारी ती शेवटची. अनेक वर्षं तिच्या भाषेत तिच्याशी बोलणारं कुणीच नव्हतं. आपण माहेरची बोली ऐकली की कशा खुलतो! ती कुणाशी बोलत असेल?

आता बातम्या दक्षिणेकडच्या ग्रेट निकोबारच्या आहेत. तिथे मोठं बंदर, विमानतळ, वीजप्रकल्प आणि नवं शहर उभारण्याच्या योजनेला २०२२ मध्ये पर्यावरण मंजुरी मिळाली. त्यासाठी सुमारे १३० चौरस किलोमीटर जंगल द्यावं लागणार आहे. तिथे शोंपेन आणि निकोबारी लोक राहतात, गलाथियाच्या किनाऱ्यावर अजस्र समुद्री कासवं अंडी घालतात. देशाच्या सुरक्षेसाठी हे हवं असं सरकार म्हणतं, आणि त्या जागेचं मोल कुणी नाकारत नाही. पण ट्रंक रोडसुद्धा कुणाला बघायला जाण्यासाठी बांधला नव्हता. आधी रस्ता झाला, मागून आमची बस आली. म्हणून नव्या शहराची बातमी वाचताना मला ती कडेवर मूल घेतलेली बाई आठवते.

हे सगळं ऐकल्यावर वहिनी म्हणाल्या, ‘‘अहो, पण मग त्या दिवशी करायचं काय?’’ मी सांगितलं, शहरातलं मानववंश संग्रहालय बघू. तिथे या लोकांच्या होड्या, टोपल्या, धनुष्यं आहेत, आणि तिथे कुणाला न दुखवता हवं तितका वेळ बघत राहता येतं. नौदलाचं समुद्रिका संग्रहालय आहे, चॅथम बेटावर १८८३ पासूनची लाकडाची गिरणी आहे. एक दिवस सहज जातो.

वहिनींनी तिथेच टूरवाल्यांना फोन लावला. पलीकडून उत्तर आलं, ‘‘मॅडम, सगळे तेच बघायला येतात.’’

‘‘आम्ही अठरा जणी आहोत,’’ वहिनी म्हणाल्या. ‘‘बारातांग काढून दुसरं काय देता ते बोला.’’